१८९२ ची ब्रिटिश निवडणूक: जागा जास्त सॅलिसबरींच्या, पंतप्रधान ग्लॅडस्टन, आणि दादाभाई नक्की किती मतांनी जिंकले?

वाटसरू_नगर

नमस्कार मंडळी. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, त्यात दादाभाई नौरोजींवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, १८९२ ला फिन्सबरीमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले. पाठ केली, झालं. पण परवा एका पुस्तकात ५ मतांनी जिंकले असं वाचलं आणि दुसऱ्यात ३ मतांनी, मग म्हटलं जरा खोलात जाऊन बघू, तर त्या अख्ख्या निवडणुकीचा निकाल बघून डोकं आणखीच चक्रावलं. तेव्हाचे पंतप्रधान, कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे सॅलिसबरी, यांच्या बाजूला सगळ्यात जास्त जागा दिसतायत, तरी महिन्याभरात पंतप्रधान लिबरल पक्षाचे ग्लॅडस्टन. आणि मतदान म्हणे ४ जुलैला सुरू झालं आणि २६ जुलैपर्यंत चाललं, ते का?

परीक्षेत हे विचारणार नाहीत हे माहितीये मला. पण दादाभाई ज्या सभागृहात गेले तिथे त्या वेळी काय चाललं होतं हे कळल्याशिवाय ती ओळ नुसती पाठ करायला नको वाटतं. कुणी नीट सांगेल का?

जुनीपानं

चांगला प्रश्न आहे. आधी आकडे घ्या, म्हणजे अर्धं कोडं सुटतं.

एकूण जागा ६७०. कंझर्व्हेटिव्ह आणि त्यांच्यासोबतचे लिबरल युनियनिस्ट मिळून ३१४ च्या आसपास (दोनचार अपक्षांना कुठे धरायचं यावर एखादी जागा इकडेतिकडे होते). ग्लॅडस्टन यांचे लिबरल २७२. आणि आयरिश राष्ट्रवादी ८१. उरलेले थोडे कामगार उमेदवार वगैरे. बहुमताला ३३६ लागतात, म्हणजे कुणाकडेच नाही. मतांच्या टक्केवारीतही सॅलिसबरींची बाजू पुढे होती, साधारण ४७ विरुद्ध ४५. पण २७२ आणि ८१ मिळवा, ३५३ होतात. खेळ तिथे आहे.

आता हे आयरिश ग्लॅडस्टन यांच्याच मागे का गेले, तर होम रूल. आयर्लंडला डब्लिनमध्ये स्वतःचं विधिमंडळ द्यायचं, हे ग्लॅडस्टन यांनी १८८६ मध्ये आणलेलं विधेयक त्यांच्याच पक्षातल्या लोकांनी पाडलं होतं. जे फुटून बाहेर गेले तेच लिबरल युनियनिस्ट, त्यात जोसेफ चेंबरलेन सारखा मोठा नेता. म्हणजे १८९२ ला समोर जे ३१४ बसले होते त्यातले पन्नासेक जण ग्लॅडस्टन यांचेच जुने सहकारी किंवा त्यांच्या विचाराचे लोक. हे लक्षात ठेवलं नाही तर त्या काळातलं कुठलंच मतदान कळत नाही.

सॅलिसबरींनी निकाल लागल्यावर लगेच राजीनामा दिला नाही. आपला गट मोठा आहे, तुम्ही सभागृहात येऊन पाडा, असा पवित्रा. ऑगस्टमध्ये पार्लमेंट भरलं, अविश्वासाची दुरुस्ती मांडायला लिबरलांनी अ‍ॅस्क्विथ नावाच्या तरुण वकिलाला पुढे केलं (हेच पुढे पंतप्रधान झाले), आणि ११ ऑगस्टला ३५० विरुद्ध ३१० ने सरकार पडलं. फरक ४० चा, आणि तो सगळा आयरिश बाकांवरचा. ग्लॅडस्टन तेव्हा ८२ वर्षांचे, चौथ्यांदा पंतप्रधान.

ग्लॅडस्टन यांच्या स्वतःच्या मिडलोथियन मतदारसंघातसुद्धा १८८५ ला साडेचार हजारांच्या वर आघाडी होती, ती १८९२ ला ६९० वर आली. प्रचारात चेस्टरला एका बाईने त्यांच्यावर कडक जिंजरब्रेड फेकून मारला तो डोळ्याला लागला. या वयात माणूस हे सगळं सोसत होता ते एका आयर्लंडच्या प्रश्नासाठी, मला त्याचं फार कौतुक वाटतं, बाकी त्यांच्या साम्राज्याच्या धोरणावर कितीही टीका करा.

गिरगावकर_मनू

जुनीपानं यांनी मोठं चित्र दिलंय, मी फिन्सबरीचं सांगतो कारण माझा जीव त्यातच आहे.

५ की ३, तर दोन्हीला आधार आहे. आधी ५ ची आघाडी जाहीर झाली आणि फेरमोजणीनंतर ती ३ वर आली. शेवटचा आकडा दादाभाई २,९५९ आणि समोरचे कॅप्टन पेंटन २,९५६. पेंटन हे तिथले चालू खासदार, कंझर्व्हेटिव्ह, आणि शेजारचा पेंटनव्हिल हा भाग त्यांच्याच घराण्याच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे त्या वस्तीचा जुना जमीनदार एका बाजूला आणि मुंबईहून आलेला, एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवलेला, ६६ वर्षांचा पारशी माणूस दुसऱ्या बाजूला.

पण ३ मतं हा शेवट आहे, सुरुवात १८८६ ची. दादाभाई त्या वर्षी लंडनच्याच हॉबर्नमधून उभे राहिले, मतदारसंघात ओळख नाही, तयारीला वेळ नाही, आणि कर्नल डंकन यांनी त्यांना ३,६५१ विरुद्ध १,९५० असं सपाटून हरवलं. दुसरा कुणी असता तर मुंबईची बोट धरली असती. हे परत तयारीला लागले.

मग १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान सॅलिसबरी त्या हॉबर्नच्या निकालाबद्दल बोलले, अर्थ असा की एखाद्या काळ्या माणसाला निवडून देण्याइतका ब्रिटिश मतदार अजून पुढे गेलेला नाही. देशाचा पंतप्रधान जाहीर सभेत हे बोलतो! त्यावर लिबरल वर्तमानपत्रं तुटून पडली, ग्लॅडस्टन यांनी टीका केली, नॅशनल लिबरल क्लबने दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. ज्याचं नाव लंडनबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं तो माणूस एका वाक्यामुळे देशभर माहीत झाला. पण अपमान सहन करायचा, आणि वर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लोकांच्या दारात मत मागायला जायचं, हे सोपं नाही हो.

आणि विरोध फक्त समोरच्या पक्षाचा होता असंही नाही. फिन्सबरी सेंट्रलच्या लिबरल मंडळातच उमेदवारीवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं. एक गट म्हणतोय हेच आमचे उमेदवार, दुसरा गट दुसऱ्याला पुढे करतोय, वरचे पक्षाधिकारी हात झटकतायत. प्रतिस्पर्धी लिबरल मतदानाच्या तोंडावर मागे हटला. तो उभा राहिला असता तर मतं फुटून काय झालं असतं ते ३ च्या आघाडीवरून समजून घ्या.

हा मतदारसंघ म्हणजे क्लर्कनवेल. घड्याळं बनवणारे, दागिन्यांचे कारागीर, छापखान्यातले कामगार, आणि जुनी रॅडिकल परंपरा. दादाभाई तिथे फक्त भारताबद्दल बोलत राहिले असते तर कुणी ऐकलं नसतं. ते आयरिश होम रूलच्या बाजूने बोलले, आठ तासांच्या कामाच्या दिवसाबद्दल बोलले, बायकांना मताचा हक्क पाहिजे म्हणाले. लोकांचे प्रश्न आपले मानले तेव्हा लोकांनी त्यांचा प्रश्न ऐकला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही त्यांना पाठिंबा होता. खासदारकीची शपथ घेतली ती अवेस्तावर, म्हणजे पारशी धर्मग्रंथावर.

वाटसरू_नगर

बापरे, मनूदादा, हे सगळं एका ओळीत कोंबतात आपल्याकडे. आता एक शंका, २,९५९ आणि २,९५६ म्हणजे जेमतेम सहा हजार मतं. लंडनसारख्या शहरात एवढीच? आणि ते तीन आठवडे मतदानाचं राहिलंच.

अनघा_प

मतं कमी दिसतात कारण मतदारच कमी होते. १८८४ च्या कायद्याने मताचा हक्क वाढला हे खरं, तरी देशभरात नोंदलेले मतदार साठ लाखांच्या आसपास. बायका शून्य, त्यांना १९१८ पर्यंत थांबावं लागलं. आणि पुरुषांतलेही साधारण दहातले चार बाहेरच.

बाहेर का, तर हक्क माणसाला नव्हता, तो ज्या जागेत राहतो त्या जागेला होता असं समजा. एका घरात बारा महिने राहिलेला कुटुंबप्रमुख पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर त्या खोलीचं भाडं, सामान न धरता, वर्षाला किमान १० पौंडांचं पाहिजे आणि त्याने दरवर्षी नव्याने अर्ज करायचा. आईबापाच्या घरात राहणारा कमावता मुलगा, मालकाच्या घरात राहणारा नोकर, गरिबांसाठीची सरकारी मदत घेतलेला माणूस, हे यादीत नाहीत. आणि दुसरीकडे ज्याची मालमत्ता दोनतीन मतदारसंघांत त्याला दोनतीन ठिकाणी मत. कामगारवस्तीत लोक सारखी खोली बदलणार, खोली बदलली की बारा महिन्यांचा हिशोब गडबडला. म्हणून त्या काळातली खरी लढाई मतदानाच्या दिवशी नसायचीच, ती दरवर्षी मतदारयादीवर व्हायची. यादी तपासायला खास वकील नेमलेले असायचे, त्यांच्यासमोर दोन्ही पक्षांचे एजंट उभे, आमचं हे नाव घाला, त्यांचं ते नाव काढा. मनूदादांनी भाषणांचं सांगितलं ते बरोबरच आहे, पण ३ मतांचा निकाल अशा ठिकाणी यादीच्या कामावर ठरतो, आणि ते काम करणाऱ्या क्लर्कनवेलच्या कार्यकर्त्यांची नावं आपल्या कुठल्या पुस्तकात नाहीत याचं मला वाईट वाटतं.

खर्चाचंही बघा. खासदाराला पगार नाही, तो १९११ ला सुरू झाला. मतदान केंद्र, अधिकारी, छपाई, या सरकारी वाटणाऱ्या खर्चाचा बोजासुद्धा उमेदवारांवर. १८८३ च्या कायद्याने प्रचाराच्या खर्चाला मर्यादा घातली हे मोठंच काम झालं, तरी साध्या माणसाला उभं राहणं अवघडच. म्हणून त्याच १८९२ ला कीर हार्डी वेस्ट हॅम साउथमधून, जॉन बर्न्स बॅटरसीमधून आणि हॅव्हलॉक विल्सन मिडल्सब्रोमधून कामगारांचे उमेदवार म्हणून जिंकले हे मला दादाभाईंच्या विजयाइतकंच मोठं वाटतं. हार्डी खाणीत काम केलेला माणूस, सभागृहात काळा कोट आणि टॉप हॅट न घालता ट्वीडच्या सूटमध्ये गेला तर केवढा गहजब झाला.

तीन आठवड्यांचं कारण साधं आहे, सगळीकडे एकाच दिवशी मतदान घ्यायचा नियमच नव्हता. ठरावीक मुदतीत स्थानिक अधिकारी आपल्या मतदारसंघाचा दिवस ठरवायचा, शहरांमध्ये आधी, ग्रामीण काउंटींमध्ये नंतर असं साधारण चालायचं. आणि मोजणी झाली की निकाल लगेच बाहेर. म्हणजे पहिल्या आठवड्यातले निकाल पेपरात वाचून तिसऱ्या आठवड्यातला मतदार मत देतोय. एका ठिकाणी पडलेला उमेदवार दुसरीकडे उभा राहू शकायचा. हे सगळं १९१८ ला बंद होऊन देशभर एकच दिवस झाला.

सुहास_कोल्हापूर

सगळ्यांचं वाचलं, माहिती उत्तम आहे, पण मला एक विचारायचंय आणि ते जरा कडू वाटेल. ३ मतांनी जिंकले, मोठा सन्मान झाला, डिसेंबर १८९३ ला मुंबईत उतरले तेव्हा स्वागताला गर्दी लोटली, लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हे ठीक. पण ६७० जणांत एक माणूस. आयरिश ८१ होते म्हणून त्यांच्यापुढे सरकार झुकलं. आपला एक. तीन वर्षांत हाती काय लागलं? की आपण फक्त पहिला पहिला म्हणून अभिमान बाळगतोय?

गिरगावकर_मनू

सुहासराव, प्रश्न कडू असला तरी रास्त आहे.

एक गोष्ट तर ठोस झाली. २ जून १८९३ ला कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, ठराव आला, आयसीएसची (भारतातल्या वरिष्ठ सनदी नोकरीची) परीक्षा लंडनसोबत भारतातही एकाच वेळी घ्या. हर्बर्ट पॉल नावाच्या लिबरल खासदाराने मांडला, दादाभाई पाठीशी, आणि ठराव ८४ विरुद्ध ७६ ने मंजूर झाला, सरकारच्या मर्जीविरुद्ध! हे दादाभाई सभागृहात नसते तर झालं असतं असं मला वाटत नाही. पुढे काय, तर सरकारने तो भारतातल्या अधिकाऱ्यांच्या मतासाठी पाठवला, एक मद्रास सोडून सगळ्या प्रांतिक सरकारांनी विरोध केला, आणि ठराव बासनात गेला. म्हणजे तुमचं म्हणणंही खरंच आहे, ठराव जिंकायला ८४ पुरतात, अंमल करून घ्यायला मागे ८१ चा गट लागतो.

दुसरं, भारताच्या खर्चावर चौकशीसाठी १८९५ ला वेल्बी कमिशन नेमलं गेलं, त्यावर दादाभाई स्वतः सदस्य होते, भारतीय माणूस अशा रॉयल कमिशनवर बसलेला. आणि त्याच कमिशनपुढे १८९७ ला आपले गोखले साक्षीला गेले, दिनशा वाच्छा गेले. संपत्ती इंग्लंडला वाहून जातेय हे दादाभाई तोवर तीस वर्षं मांडत होते, ते आता सरकारी कागदांवर, उलटतपासणीसकट, नोंदलं गेलं. गोखल्यांची ती साक्ष वाचून बघा, तिशीतला माणूस आकड्यांवर आकडे काढून उत्तरं देतोय. मला तरी ती वाट फिन्सबरीतूनच गेलेली दिसते.

अनघा_प

सुहास, आयरिश ८१ जणांचंही फार सोपं नव्हतं बरं का. त्यांचे नेते पार्नेल यांच्या घटस्फोट प्रकरणानंतर १८९० च्या अखेरीस पक्ष फुटला, १८९१ ला पार्नेल वारले, आणि १८९२ ला हे लोक एकमेकांविरुद्ध लढले. ७२ पार्नेलविरोधी, ९ पार्नेलवादी. आयर्लंडमधल्या मीथच्या दोन्ही जागांचे निकाल तर पुढे कोर्टाने रद्द केले, कारण बिशपने पत्रक काढून आणि धर्मगुरूंनी दडपण आणून मतदारांना वळवलं असं सिद्ध झालं. त्यात नॉर्थ मीथची जागा आयरिश नेते मायकेल डेव्हिट यांची गेली, ज्यांनी एकदा दादाभाईंना आयर्लंडमधूनच उभं करायची कल्पना मांडली होती.

आणि एवढे ८१ असूनही होम रूल मिळालं का? १८९३ च्या सप्टेंबरमध्ये कॉमन्सने विधेयक मंजूर केलं आणि आठवड्याभरात लॉर्ड्सनी, म्हणजे वरच्या सभागृहाने, ४१९ विरुद्ध ४१ ने फेकून दिलं. निवडून न आलेल्या ४१९ माणसांनी. लॉर्ड्सच्या बाजूचा युक्तिवाद असा होता की खुद्द इंग्लंडमध्ये तर युनियनिस्टांचंच (कंझर्व्हेटिव्ह आणि लिबरल युनियनिस्ट मिळून) बहुमत आहे, हे सरकार आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या जोरावर आलंय. आकड्याने ते बरोबर होतं, वेल्समधल्या ३४ पैकी ३१ जागा लिबरलांच्या. पण मग एकत्र राज्य म्हणायचं कशाला, इंग्लंडच्या मताला जास्त वजन असेल तर?

जुनीपानं

अनघाताई, लॉर्ड्सचं अगदी नेमकं सांगितलंत. त्यानंतर ग्लॅडस्टन फार टिकले नाहीत, मार्च १८९४ ला पायउतार झाले, त्यांच्याच पक्षाचे रोझबेरी पंतप्रधान झाले, आणि जून १८९५ ला लष्कराकडे कॉर्डाइटचा (काडतुसांतल्या स्फोटक दारूचा) साठा पुरेसा नाही या मुद्द्यावरच्या मतदानात सरकार हरलं. जुलैची निवडणूक लिबरलांना फार वाईट गेली, २७२ चे १७७ झाले आणि युनियनिस्ट ४११ वर गेले. त्या लाटेत दादाभाईही आठशेहून जास्त मतांनी पडले.

पण वाटसरू, तुमच्या वहीत ही पुढची नोंद जरूर करा. त्याच १८९५ ला बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मंचरजी भावनगरी निवडून आले, तेही मुंबईचेच पारशी, पण कंझर्व्हेटिव्ह, म्हणजे सॅलिसबरींच्याच पक्षाचे! एडिंबरोच्या त्या भाषणाला सात वर्षंही झाली नव्हती. त्यांनी जॉर्ज हॉवेल या जुन्या कामगार नेत्याला १६० मतांनी हरवलं. भावनगरी ब्रिटिश राज्याचे पक्के पाठीराखे, दादाभाईंच्या मताच्या बरोबर उलट टोकाला, १९०० ला पुन्हा जिंकले आणि १९०६ ला पडले. आणि तिसरे मुंबईत जन्मलेले पारशी शापुरजी सकलातवाला, १९२२ ला बॅटरसी नॉर्थमधून, ते तर कम्युनिस्ट. एकाच छोट्या समाजातले तिघे, तिघांची तोंडं तीन दिशांना.

आणि पहिला खासदार या शब्दांबद्दल काळजी घ्या. १८४१ ला सडबरीमधून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्ब्रे नावाचा माणूस निवडून आला होता, सरधनाच्या बेगम समरूचा वारस, युरोपीय आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा. लाचखोरी झाली म्हणून १८४२ ला ती निवडणूक रद्द झाली, आणि १८४४ ला तर सडबरीचा प्रतिनिधी पाठवायचा हक्कच काढून घेतला. बंगालचे लालमोहन घोष १८८५ ला डेप्टफर्डमधून लढले, हरले. तेव्हा परीक्षेत पर्याय दादाभाई असेल तर तोच निवडा, पण उत्तर लिहायचं असेल तर घोष यांचं नाव दादाभाईंच्या आधी यायला हवं, तो रस्ता आधी त्यांनी चालून बघितला होता.